अकरावा टाका

मी, राजव्वा नरसय्या बोद्धूल, वय बावन्न,
राहणार विडी घरकुल, काम टॉवेलला लेबल लावणे,
सत्यप्रतिज्ञेवर सांगते की
आजवर मला कुणी काही सांगायला बोलावलं नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पत्र आलं,
समुद्रापलीकडच्या कोर्टाचं.
पुष्कळ देशांनी मिळून बसवलेलं कोर्ट, म्हणे.
सोबत फोटो: अर्धा जळलेला टॉवेल, निळी किनार,
कोपऱ्यात आमचं लेबल.
त्यात गुंडाळून बॉम्ब नेला होता
कुठल्याशा शहरातल्या भाजीबाजारात.

मालक पांढराफटक.
गुरुसिद्ध जॉबर म्हणाला, यात आपला कुणाचा हात नाही.
मी फोटो डोळ्यांजवळ धरला.
हात होता. माझाच होता.
दर अकरावा टाका सुटलेला.
आषाढात तीन दिवस माझ्या मशिनची सुई वाकडी होती.
नवी मागितली तर जॉबर म्हणाला,
वरून ऑर्डर आहे, चालू दे.

पेपरवाले लिहितात, धागेदोरे सापडले.
आम्हाला विचारा धागा सापडणं म्हणजे काय.
रात्रपाळीत एक तुटला
की चार हजारांतून तोच हुडकायचा.
तीन दिवसांचा माल, एक कंटेनर, एक गोदाम,
गोदामाच्या पावतीवर एक सही.
सही ज्याची, तो आता काचेमागे बसलाय.

मुजावर वकीलबाई रिक्षाने घेऊन गेल्या.
चार पुतळ्यांच्या चौकात सिग्नल लागला.
मी म्हटलं, यांनाबी कोर्टानंच फाशी दिली होती ना ओ?
बाई गप्प. सिग्नल सुटला तरी गप्प.
पार कोर्टाचं फाटक आलं तेव्हा म्हणाल्या,
होय. म्हणून कोर्ट कुणाचं, हे विचारायचंच.
पण टोमॅटो निवडत उभी असलेली बाई
कुठल्या साहेबाची शिपाई नव्हती, राजव्वा.
तिथं वाद नाही.

त्यांनी कायदा मराठीतून सांगितला,
मी मनात तेलुगूत वळवून घेतला.
तो म्हणतो, बटण मी दाबलं नाही.
तो म्हणतो, मी त्या गावात नव्हतोच.
कायदा म्हणतो, माणसं तुझी होती,
तुला ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं,
आणि तू थांबवलं नाहीस.
मी म्हटलं, बाई, हे आमच्या खात्याच्या दारावर रंगवून द्या की.
त्या हसल्या.
मी हसत नव्हते.

आणि मी? लेबल तर मीच लावलं.
तुला ठाऊक नव्हतं.
असायला हवं होतं का?
त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.
नाही गं. टॉवेल टॉवेलच असतो.

पडद्यावर तीन न्यायाधीश,
दुभाषा पुण्याकडचा, फार शुद्ध.
हा टाका तुमचा का?
माझा.
बोचक्याची गाठ?
ती माझी नाही. मी अशी बांधत नाही.
दुभाषा अडखळला, मग बराच वेळ काहीतरी बोलला.
काचेमागच्या माणसाचा शर्ट कडक इस्त्रीचा.
माझी साक्ष चालू असताना
त्यानं एक जांभई दिली, हात तोंडावर धरून, रीतसर.

शेवटी मीच विचारलं,
डाग धुणार का त्याचा?
पुरावा धूत नसतात, मावशी.

घरी येऊन कागद पोराकडून वाचून घेतला.
माझं नाव चार वेळा. त्याचं बावीस.
टोमॅटो निवडणाऱ्या बाईचं कुठंच नाही,
ती मृत क्रमांक चौदा.
आमच्याकडं बाद झालेल्या टॉवेलचीही
वहीत नोंद असते:
कुणी विणला, कुणी शिवला,
कुठल्या पाळीत.